दिव्यांग मुलांच्या पालकांचे नेहमीचे प्रश्न: तालुक्यापासून जिल्ह्यापर्यंत कुठे जायचं, काय मागायचं

माझ्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे डॉक्टर ज्याला थोडक्यात सीपी म्हणतात. यात मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा राहत नाही. आता तो अकरा वर्षांचा आहे. आमच्या तालुक्याच्या गावात आम्ही काही पालक महिन्यातून एकदा बाजाराच्या दिवशी भेटतो, कारण त्या दिवशी वाड्यावस्त्यांवरच्या आयांना गावात यायला गाडी मिळते. नव्याने येणाऱ्या प्रत्येक आईबापाच्या तोंडी तेच प्रश्न असतात. उत्तरं महाराष्ट्रातल्या व्यवस्थेला धरून लिहिली आहेत. गोव्यातल्या पालकांसाठी शेवटाकडे थोडं वेगळं आहे.

बाळ उशिरा बसतंय, बोलत नाही. घरचे म्हणतात, थांबा, होईल हळूहळू. थांबावं का?

थांबू नका. "त्याचा काकाही चार वर्षांचा झाल्यावर बोलला" हे वाक्य आमच्या गटातल्या जवळजवळ प्रत्येक घरात ऐकलेलं आहे. काका बोलला असेलही. पण दाखवून आणायला एक दिवस जातो आणि न दाखवल्यास जी वर्षं जातात ती पुन्हा मिळत नाहीत.

चार महिन्यांचं बाळ मान धरत नसेल, नऊ महिन्यांचं आधाराशिवाय बसत नसेल, वर्षाचं मूल नावाने हाक मारल्यावर वळून बघत नसेल, दीड वर्षाचं चालत नसेल किंवा त्याला एकही शब्द येत नसेल, बोटाने काही दाखवत नसेल, तर दाखवायला हवं. मूल आधी बोलत होतं आणि आता बोलायचं बंद झालं, तर वय काहीही असो, त्याच आठवड्यात जा. आणखी एक गोष्ट मी प्रत्येक आईला सांगते. तान्हं बाळ झोपेतून उठल्यावर लागोपाठ दचकल्यासारखं करत असेल, मान खाली टाकून हात आवळत असेल, तर ते "दचकणं" समजून सोडू नका. तो आकडीचा एक प्रकार असू शकतो आणि त्यात मेंदूचं नुकसान वेगाने होतं. मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञाला दाखवा.

ऐकण्याच्या बाबतीत तर महिन्यांचा हिशोब आहे. पहिल्या महिन्यात कानांची तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत श्रवणयंत्र आणि थेरपी सुरू. टाळी वाजवून बघणं ही तपासणी नव्हे. हवेचा झोत आणि हालचाल यांनीही बाळ वळतं.

सुरुवात नेमकी कुठून करायची?

अंगणवाडीपासून. सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, आरबीएसके. २०१३ मध्ये त्याची सुरुवात आपल्याच राज्यात, पालघरला झाली. या कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं. जन्मतः असलेले दोष, जीवनसत्त्वांची वगैरे कमतरता, बालपणीचे आजार आणि वाढीतला विलंब अशा चार बाजूंनी ते मुलांना तपासतं. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतची मुलं यात येतात. तपासणीच्या दिवशी मूल मामाच्या गावी असेल तर नाव सुटतं, म्हणून पथक कधी येणार हे अंगणवाडीच्या बाईंना आधीच विचारून ठेवा. पथक येईपर्यंत थांबायचं नसेल तर आशाताईंना सांगून थेट ग्रामीण रुग्णालयात दाखवता येतं.

पथकाला शंका आली तर ते मुलाला जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतं. लोक त्याला नुसतं डीईआयसी म्हणतात. बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, स्पीच थेरपिस्ट, मानसतज्ज्ञ, विशेष शिक्षक, दातांचे डॉक्टर हे सगळे एकाच ठिकाणी असावेत अशी त्यामागची कल्पना आहे. प्रत्यक्षात एखादं पद रिकामं असतं, एखादी बाई आठवड्यातून दोनच दिवस येते. म्हणून निघण्यापूर्वी कोण कोणत्या वारी असतं ते फोनवर विचारा. तान्ह्या लेकराला घेऊन दोन एसट्या बदलून जायचं आणि दाराला कुलूप बघून परत यायचं, हे आम्ही केलेलं आहे.

दुभंगलेला ओठ, हृदयाला छिद्र, वाकडे पाय यांवर या कार्यक्रमातून शस्त्रक्रिया आणि उपचार मोफत होतात. पाय जन्मतः आत वळलेले असतील तर पहिल्या काही आठवड्यांतच दर आठवड्याला प्लास्टर बदलण्याचे उपचार सुरू होतात आणि बहुतेक मुलं पुढे नीट चालतात. या बाळांच्या आयांना "ग्रहण पाळलं नाहीस" असं सुनावलं जातं. ग्रहणाचा आणि बाळाच्या ओठाचा किंवा पायाचा काहीही संबंध नाही. सासूबाईंना हे डॉक्टरांच्याच तोंडून ऐकू द्या, त्यांना सोबत घेऊन जा.

दिव्यांगत्वाचा दाखला नसेल तर थेरपी मिळत नाही का?

मिळते. हा गैरसमज सर्वांत जास्त नुकसान करतो. दाखला पेन्शन, सवलती, शिष्यवृत्ती यांसाठी लागतो, उपचारांसाठी लागत नाही. निदानाचं नाव ठरलेलं नसलं तरीही फिजिओ आणि स्पीच सुरू करता येतं. आमच्या गटातली एक मुलगी दाखल्याच्या हेलपाट्यांत तीन वर्षांची झाली आणि तोवर तिच्या घोट्यांचे स्नायू आखडून गेले होते. दाखल्याचं काम बाजूने चालू द्या, थेरपी आजच सुरू करा.

दाखला कसा काढायचा?

आता सगळं यूडीआयडी म्हणजे वैश्विक ओळखपत्राच्या मार्गाने होतं. स्वावलंबन कार्ड या सरकारी पोर्टलवर अर्ज भरायचा, जवळचं अधिकृत रुग्णालय निवडायचं, ठरलेल्या दिवशी मुलाला घेऊन जायचं. तपासणीनंतर दाखला ऑनलाइन निघतो आणि कार्ड पोस्टाने घरी येतं. कार्डावरच्या पट्टीचा रंग टक्केवारी सांगतो: ४० टक्क्यांच्या आत पांढरा, ४० ते ८० पर्यंत पिवळा, ८० आणि त्यापुढे निळा. बहुतेक योजनांची दारं ४० टक्क्यांपासून उघडतात.

अर्ज भरण्याला सरकारी शुल्क नाही. ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या केंद्राचा माणूस त्याचे थोडे पैसे घेईल, ते ठीक. पण "इतके टक्के काढून देतो" म्हणणारा माणूस भेटला तर त्याच्यापासून लांब राहा. खोटा दाखला पुढे पडताळणीत अडकतो आणि भोगावं मुलाला लागतं.

आमचा पहिला अर्ज परत आला तो एका अक्षरामुळे. जन्मदाखल्यावर नाव एका तऱ्हेने, आधारवर दुसऱ्या तऱ्हेने. त्यात चार महिने गेले. म्हणून आधी जन्मदाखला, आधार आणि शाळेत नाव घातलं असेल तर तिथलं नाव, हे तिन्ही एकसारखं करून घ्या. सगळे जुने रिपोर्ट, प्रसूतीच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड, एमआरआय असेल तर तो, अशी एकच फाइल करा. मूळ कागद कधीही कोणाच्या टेबलावर सोडून येऊ नका, झेरॉक्स द्या.

सिव्हिलमध्ये, म्हणजे जिल्हा रुग्णालयात, दाखल्यासाठी तपासणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डाचे वार ठरलेले असतात. अस्थिव्यंगाचा वेगळा, कान-नाक-घशाचा वेगळा, मानसिक आणि बौद्धिकचा वेगळा. सकाळी लवकर जा, मुलाचं खाणं, पाणी, जादा कपडे बरोबर ठेवा. तुमचं मूल रांगेत थांबू शकत नसेल तर तसं स्पष्ट सांगा. आम्ही बोलायला लागलो तेव्हापासून मुलांना आधी घेतात.

मूल लहान आहे म्हणून दाखला देत नाहीत, हे बरोबर आहे का?

अर्धं बरोबर. बौद्धिक अक्षमतेचा दाखला एक वर्ष पूर्ण होण्याआधी मिळत नाही. एक ते पाच वर्षांपर्यंत "सर्वांगीण विकास विलंब" असं निदान लिहून तात्पुरता दाखला देतात आणि पाचनंतर पुन्हा तपासतात. वाचन-लेखनातल्या अक्षमतेचा, म्हणजे डिस्लेक्सिया वगैरेचा दाखला आठ वर्षांच्या पुढे मिळतो. तात्पुरता दाखला संपण्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. मुदत संपली की पेन्शन थांबते आणि ती पुन्हा सुरू करणं पहिल्यापेक्षा अवघड जातं.

आमच्या मुलीला सिकल सेल हा रक्ताचा आजार आहे. दिसायला ती धडधाकट आहे. ती दिव्यांगांत येते का?

येते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये एकवीस प्रकार आहेत. जुन्या १९९५ च्या कायद्यात सातच होते. नव्यांत सिकल सेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, स्वमग्नता (ऑटिझम), स्नायूंचा क्षय, विशिष्ट अध्ययन अक्षमता हे सगळे आले. विदर्भात आणि नंदुरबारच्या पट्ट्यात सिकल सेलची कितीतरी मुलं आहेत आणि त्यांच्या घरच्यांना हे माहीतच नसतं.

खासगी थेरपिस्ट खरा शिकलेला आहे हे कसं ओळखायचं?

नोंदणी क्रमांक मागा. विचारायला संकोच वाटतो, पण विचारा. स्पीच थेरपिस्ट, ऐकणं तपासणारे ऑडिओलॉजिस्ट, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि विशेष शिक्षक यांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. फिजिओथेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांच्यासाठी महाराष्ट्रात राज्याची वेगळी परिषद आहे. खरा थेरपिस्ट दाराआड काय चाललंय हे लपवत नाही. तो आईला आत बसवतो आणि घरी काय करायचं ते शिकवतो. आठवड्यातून दोन तास थेरपिस्टकडे, बाकी सगळा वेळ घरी, हे गणित लक्षात घेतलं की घरच्या सरावाचं महत्त्व कळतं.

"स्टेम सेल" म्हणजे मूळ पेशी टोचून मूल बरं करतो, अशा जाहिरातींना भुलून इथल्या दोन कुटुंबांनी जमीन गहाण टाकली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार स्टेम सेल हा प्रस्थापित उपचार फक्त रक्ताच्या वगैरे काही ठरावीक आजारांतच आहे. सीपी आणि स्वमग्नता त्यात नाहीत.

घरी सर्वांत आधी काय बदलावं?

सीपीच्या मुलांपुरतं सांगते, कारण तेच मी जगले आहे. भरवणं बदला. मूल ताठ होतं किंवा मान टाकतं म्हणून आपण त्याला आडवं करून भरवतो आणि दूध-वरण श्वासनलिकेत जातं. सारखा खोकला, वारंवार न्यूमोनिया याचं कारण पुष्कळदा हेच असतं. पाठीला आणि मानेला आधार देऊन बसतं करा, हनुवटी किंचित खाली ठेवा, घट्टसर मऊ भात किंवा पेज लहान चमच्याने द्या, घाई करू नका. आमच्या सुताराने एका दुपारी फळी कापून मुलासाठी खुर्ची बनवली. मांड्यांमध्ये लाकडी गुटका, पुढे ट्रे. मापं फिजिओने लिहून दिली होती. त्या खुर्चीवर बसून तो पहिल्यांदा घरातल्या सगळ्यांबरोबर जेवला.

जी मुलं चालत नाहीत त्यांच्या खुब्याचा सांधा हळूहळू निसटू शकतो आणि सुरुवातीला दुखतही नाही. अस्थिरोगतज्ज्ञाला विचारून ठरावीक काळाने एक्स-रे काढत राहा.

शाळेने "आमच्याकडे सोय नाही" असं सांगून परत पाठवलं. आता?

हे माझ्याशीही झालं. गोड बोलून, चहा पाजून परत पाठवलं होतं. त्या वेळी मला कायदा माहीत नव्हता, मी मान खाली घालून निघून आले. आज तसं करणार नाही.

लक्षणीय दिव्यांगत्व, म्हणजे ४० टक्के किंवा जास्त असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. जवळच्या शाळेत घालायचं की विशेष शाळेत, ही निवड मुलाची आणि पालकांची आहे. शाळेकडे नकार लेखी मागा. लेखी मागितला की पुष्कळदा नकारच मागे घेतला जातो. तरी ऐकलं नाही तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज द्या आणि पोच घ्या. त्यापुढचा टप्पा पुण्याचं दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय. शिक्षण हक्क कायद्याने (आरटीई) खासगी शाळांत राखलेल्या पंचवीस टक्के जागांच्या प्रवेशातही दिव्यांग मुलं वंचित घटकात मोडतात आणि त्यांना उत्पन्नाची अट लागत नाही. हे शहरातल्या पालकांनाही ठाऊक नसतं.

गट साधन केंद्रात, म्हणजे बीआरसीत, समग्र शिक्षा अभियानाचे विशेष शिक्षक असतात. त्यांची ओळख करून घ्या. तुमच्या मुलाचं नाव त्यांच्या यादीत असेल तर प्रवासभत्ता, सोबत्याचा भत्ता, मुलींना महिना २०० रुपयांप्रमाणे दहा महिन्यांचा प्रोत्साहन भत्ता, ब्रेल पुस्तकं, मोठ्या अक्षरांची पुस्तकं हे मागता येतं. अतितीव्र आणि बहुविकलांग मुलांसाठी घरी येऊन शिकवण्याची तरतूद शिक्षण हक्क कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आली. मात्र जे मूल शाळेत बसू शकतं त्याला सोयीसाठी गृहाधारित यादीत टाकू देऊ नका. दोन पायऱ्यांवर फळीचा उतार टाकला की जे मूल वर्गात जाऊ शकतं, ते घरी का राहावं?

दहावीच्या परीक्षेत काय सवलत मिळते?

तासाला वीस मिनिटं जादा वेळ, गरज असेल तर लेखनिक, काही प्रकारांत विषय बदलून घेण्याची मुभा. मागणी शाळेमार्फत राज्य मंडळाकडे जाते. नववीतच सुरुवात करा, कारण कागदपत्रं जमवण्यात वेळ जातो. लेखनिकाबरोबर सराव आधीपासून करावा लागतो. बोलून लिहवून घेणं हे वेगळं कसब आहे.

पैशाची मदत कुठून मिळते?

एका खिडकीवर मिळत नाही, म्हणून ही दारं वेगवेगळी ठोठवावी लागतात.

तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५० हजार रुपये आहे. महिना १,५०० रुपये मिळत होते, ते दिव्यांगांसाठी २,५०० करण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला. पैसे आधार जोडलेल्या खात्यात येतात, त्यामुळे मुलाचं खातं आधीच उघडा.

ग्रामपंचायत, नगरपालिका आणि जिल्हा परिषद यांनी आपल्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. ग्रामसभेत उभं राहून "यंदाचा पाच टक्के कुठे गेला?" असं विचारा. आमच्या गटातल्या एका बाईने विचारलं. ग्रामसेवकांनी सुरुवातीला टाळलं, पुढच्या सभेत यादी वाचून दाखवली आणि त्या वर्षी गावातल्या चार मुलांना मदत मिळाली.

उपकरणांसाठी केंद्राची एडिप योजना आहे. तिच्या शिबिरांतून एलिम्को या सरकारी कंपनीच्या व्हीलचेअर, सीपी खुर्च्या, श्रवणयंत्रं, पायांना आधार देणारे कॅलिपर मिळतात. माप घेण्याचं शिबिर एक आणि वाटपाचं वेगळं असतं. मधल्या महिन्यांत मूल वाढतं, म्हणून माप जुनं झालं असेल तर वाटपाच्या दिवशी तसं बोला. न बसणारी खुर्ची घरी आणून कोपऱ्यात ठेवण्यात अर्थ नाही.

स्वमग्नता, सीपी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार प्रकारांसाठी राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेचा निरामय आरोग्य विमा आहे. वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण, आधी कोणतीही वैद्यकीय तपासणी नाही, हप्ता अगदी थोडा. याचा खरा फायदा असा की थेरपीची बिलंही यात बसतात, जी साध्या विम्यात सहसा बसत नाहीत. नोंदणी न्यासाशी जोडलेल्या संस्थेमार्फत होते. नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं, विसरलात तर संरक्षण तुटतं.

नोकरदार पालकांनी जुन्या करपद्धतीत मिळणारी वजावट तपासावी: ७५ हजार रुपये, आणि ८० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर सव्वा लाख.

एसटी आणि रेल्वेत सवलत आहे का?

एसटीत ७५ टक्के सवलत आहे. दिव्यांगत्व ६५ टक्क्यांच्या पुढे असेल तर सोबत्यालाही ५० टक्के. रेल्वेचं काम वेगळं आहे. नुसतं यूडीआयडी दाखवून भागत नाही, रेल्वेच्या ठरावीक नमुन्यातलं डॉक्टरांचं प्रमाणपत्र घेऊन त्यांचं वेगळं कार्ड काढावं लागतं.

जिल्ह्यात सोय होत नाही. मोठ्या ठिकाणी कुठे जावं?

ऐकणं-बोलणं यासाठी वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था. हालचालीच्या अडचणी, कृत्रिम अवयव, स्प्लिंट यांसाठी मुंबईत हाजी अलीचं अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन केंद्र. विदर्भातल्यांना नागपूरचं संयुक्त क्षेत्रीय केंद्र जवळ पडतं. नाशिकची प्रबोधिनी, पुण्याची कामायनी या बौद्धिक अक्षमतेच्या शाळा अनेक दशकं चालल्या आहेत. लातूरजवळ हरंगुळला सीपीच्या मुलांसाठी संवेदना हे केंद्र आहे. मोठ्या ठिकाणाहून घरी करण्याचा कार्यक्रम लिहून आणा आणि तो जवळच्या फिजिओच्या हातात द्या. दर पंधरा दिवसांनी मुंबई करणं कोणत्याही शेतकरी कुटुंबाला झेपत नाही आणि त्याची गरजही नसते.

आम्ही गोव्यात राहतो. हे सगळं तिथे लागू आहे का?

कायदा, यूडीआयडी, निरामय, एडिप, रेल्वे हे सगळीकडे सारखंच. पेन्शनच्या जागी तिथे दयानंद सामाजिक सुरक्षा योजना आहे. वाढीच्या तपासणीसाठी "सेतू", शाळेसाठी पर्वरीची संजय स्कूल आणि फोंड्याजवळ ढवळीचं लोकविश्वास प्रतिष्ठान ही नावं तिकडचे पालक सांगतात.

मला रात्री झोप येत नाही. कोणाशी बोलू?

१४४१६ हा टेलि-मानसचा मोफत क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं. त्याच्या जोडीला दुसरी एखादी अशी आई शोधा. डीईआयसीच्या बाकावर शेजारी बसलेली असते ती. मला माझी पहिली मैत्रीण तिथेच मिळाली, आमची मुलं एकमेकांच्या चपला चावत होती तेव्हा. आणि वडिलांनीही एकदा तरी थेरपीला आत बसावं. बाहेर गाडीजवळ थांबलेल्या बापाला मुलाचं पहिलं उभं राहणं दिसत नाही.

मुलगा अठरा वर्षांचा होतोय. पुढे काय?

अठराव्या वाढदिवसानंतर कायद्याच्या नजरेत तो सज्ञान होतो आणि आईवडिलांची सही आपोआप चालेनाशी होते. बँक, विमा, जमीन, सगळीकडे हा प्रश्न येतो. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ मधल्या, वर निरामय विम्यात सांगितलेल्या त्याच चार प्रकारांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते आणि ती कायदेशीर पालकत्व देते. आईवडीलही तिथे अर्ज करतात. अर्ज करताना आपल्यानंतर कोण, याचा विचार आत्ताच करा आणि त्या भावंडाला किंवा मावशीला आधी विचारा, गृहीत धरू नका. सरकारी नोकरीतल्या पालकांनी मुलाचं नाव आपल्या सेवापुस्तकात दिव्यांग अपत्य म्हणून नोंदवून घ्यावं, म्हणजे पुढे त्याला कुटुंब निवृत्तिवेतन मागताना अडचण येत नाही.

अठरानंतर विशेष शाळा संपते आणि कर्मशाळा सुरू होते, जिथे फाइली बनवणं, मेणबत्त्या, शिवण अशी कामं शिकवतात. जागा कमी असतात. मूल सोळा वर्षांचं असतानाच तिथे जाऊन या, एक दिवस त्याला बसवून बघा, त्याला कोणतं काम आवडतं ते त्यालाच विचारा. समितीपुढे जाल त्या दिवशीही मुलाला सोबत न्या आणि तुमच्या शेजारच्या खुर्चीवर बसवा.